मुंबईच्या कापडगिरण्यांतील जॉबरचा जाच आणि गिरणीमालकांचा प्रतिसाद (१९१८ ते १९४६)

प्रस्तावना

कामाच्या ठिकाणी वरिष्ठांकडून कनिष्ठांचा होणारा छळ हा विषय व्यवस्थापनशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन शाखांनी आता आपलासा केला आहे. या शाखांतील लेखनात छळाचा उगम बहुधा व्यक्तीच्या स्वभावात शोधला जातो. एखादा अधिकारी तापट असतो, एखादा संशयी असतो, एखाद्याला दुसऱ्याचा अपमान करण्यात समाधान वाटते. अशा व्यक्तीला समज द्यावी किंवा तिची बदली करावी, असा उपायही त्याबरोबर सुचविला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न थोडा निराळा असतो. छळ करण्याइतकी सत्ता त्या व्यक्तीच्या हाती कोणी दिली, कशासाठी दिली आणि ती काढून घेण्याची वेळ केव्हा आली, हे त्याला तपासावे लागते. मुंबईच्या कापडगिरण्यांतील जॉबर हे या दृष्टीने अत्यंत बोलके उदाहरण आहे. प्रस्तुत निबंधात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून १९४६ पर्यंतच्या काळात जॉबरच्या जाचाचे स्वरूप काय होते आणि गिरणीमालकांनी त्याला कोणकोणत्या प्रकारे प्रतिसाद दिला, याचा विचार केला आहे.

साधनांविषयी प्रारंभीच एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. या काळाविषयी लिखित साधनांची वाण नाही. मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन केले आणि त्याच वर्षापासून ‘लेबर गॅझेट’ हे मासिक प्रसिद्ध होऊ लागले. न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीचा १९२९ चा अहवाल आणि व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाचा १९३१ चा अहवाल, तसेच या आयोगापुढील साक्षींचे खंड उपलब्ध आहेत. मॉरिस डेव्हिड मॉरिस, रिचर्ड न्यूमन, राजनारायण चंदावरकर आणि राधा कुमार यांनी या सामग्रीचा कसून उपयोग केला आहे. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी संकलित केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास नंतरच्या काळासाठी मोलाचा आहे. तथापि ज्याने जाच सोसला त्याचे शब्द या कागदांत क्वचितच थेट उतरले आहेत. ते दुभाष्याच्या, लेखनिकाच्या किंवा युनियनच्या पुढाऱ्याच्या मुखातून येतात. मालकांचे म्हणणे मात्र त्यांच्याच संघटनेच्या सहीशिक्क्यानिशी येते. निष्कर्ष काढताना हा असमतोल विसरता येत नाही.

जॉबरचे स्थान

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. यंत्रे लँकेशायरहून आली आणि ती चालविणारे स्पिनिंग मास्टर व वीव्हिंग मास्टरही आरंभी तेथूनच आले. कामगार आले ते रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर, अहमदनगर या भागांतून, आणि विणकरांचा एक वर्ग उत्तर हिंदुस्थानातून. साहेबाला कामगारांची भाषा येत नव्हती आणि कामगाराला यंत्राची. या दोघांच्या मध्ये जो उभा राहिला तो जॉबर.

जॉबर हा खात्याचा मुकादम. तो स्वतः कामगारांतून वर आलेला असे. साचा बिघडला तर तो दुरुस्त करणे, कच्चा माल वेळेवर मिळतो की नाही हे पाहणे, नवख्याला काम शिकविणे ही त्याची तांत्रिक कामे होती. परंतु त्याच्या सत्तेचे मूळ दुसरीकडे होते. माणूस कामावर घेणे, त्याला रजा देणे किंवा नाकारणे, त्याला चांगला साचा देणे किंवा मोडका देणे, आणि नको झाल्यास त्याला काढून टाकणे, हे सर्व प्रत्यक्षात जॉबरच्या हाती असे. व्यवस्थापक कागदावर सही करी. निर्णय बहुधा आधीच झालेला असे. गिरणीबाहेरही जॉबरचा हात पोहोचत असे. तो गाववाल्यांना खोली मिळवून देई, खानावळीत शब्द टाकी, वाण्याकडे किंवा सावकाराकडे जामीन राही, आणि पुष्कळदा स्वतःच व्याजाने पैसे देई. ज्याच्याकडे नोकरी मागायची त्याचेच देणे डोक्यावर असे. कामाच्या वेळेनंतर छळातून सुटका होते हे आजचे गृहीतक गिरणगावाला लागू करता येत नाही.

चंदावरकरांनी या चित्राला एक महत्त्वाची दुरुस्ती सुचविली आहे. त्यांच्या मते जॉबर सर्वशक्तिमान नव्हता. त्याला माणसे टिकवून धरावी लागत, वस्तीतील प्रतिष्ठा सांभाळावी लागे, दुसऱ्या जॉबरांशी स्पर्धा करावी लागे. कामगारांनी पाठ फिरविली तर मालकाच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य होई. म्हणूनच संपाच्या वेळी काही जॉबर मालकाच्या बाजूने तर काही कामगारांच्या पुढे उभे राहिलेले दिसतात. हे मत साधार आहे व ते मान्य करावे लागते. परंतु सत्ता मर्यादित होती म्हणून ती सौम्य होती असे नाही. उलट, ज्याचे स्वतःचे आसन डळमळीत असते तो खालच्यांवर अधिक जोराने हात चालवितो, असे प्रस्तुत लेखकास या साधनांवरून वाटते. जॉबरलाही वर हेड जॉबर होता, त्याच्यावर मास्टर होता, आणि उत्पादन घटले की पहिला जाब त्यालाच द्यावा लागे.

जाचाची साधने

जाच म्हटला की शिवीगाळ आणि मारहाण प्रथम डोळ्यांसमोर येते. ती होतीच. पण अहवाल वाचताना असे दिसते की कामगारांच्या तक्रारींचा खरा भार दुसऱ्या गोष्टींवर आहे, आणि त्या सर्व वरवर पाहता प्रशासकीय आहेत.

त्यांतील पहिली म्हणजे बदलीची पद्धत. गैरहजर कामगारांच्या जागी रोज नवी माणसे लागत. ही बदली माणसे पहाटे गिरणीच्या फाटकापाशी जमत. कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. आज काम मिळाले म्हणून उद्या मिळेल याची शाश्वती नसे. अशा माणसाकडून काय घेता येत नाही? पैसे घेता येतात, घरची कामे करून घेता येतात, जॉबरच्या भिशीत किंवा खानावळीत सामील करून घेता येते, प्रतिस्पर्धी जॉबरच्या माणसांशी भांडायला पाठविता येते. आणि कायम कामगारालाही फाटकापाशी उभ्या असलेल्या या गर्दीचे दर्शन रोज घडत असे. त्याला वेगळी धमकी देण्याची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट दस्तुरीची. काम मिळाल्याबद्दल आणि पुढे ते टिकविण्याबद्दल जॉबरला द्यावयाची ही रक्कम इतकी रूढ होती की तिला लाच म्हणावे की रिवाज, याविषयी आयोगापुढे आलेल्या साक्षीदारांतही एकवाक्यता दिसत नाही. व्हिटली आयोगाने तिला अनिष्ट ठरविले आणि तिचा काही भाग जॉबरच्या वर असलेल्यांपर्यंत पोहोचत असावा, हेही ध्यानात घेतले. म्हणजे ज्याच्याकडे जॉबरविरुद्ध तक्रार करावयाची तोच कदाचित वाटेकरी.

तिसरी गोष्ट वेतनातील कपातीची. पगार महिन्याचा असे आणि तो पुढील महिन्यात बरेच दिवस गेल्यावर हाती पडे. त्यामुळे नोकरी सोडणारा किंवा काढला जाणारा कामगार कित्येक दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडण्याच्या बेतात असे. त्यातच दंड होता. उशीर, गैरवर्तन, निकृष्ट काम यांसाठी दंड होई आणि त्याचे प्रमाण सांगणारा असा नियम नव्हता की जो कामगाराला वाचून दाखविता येईल. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचे वेतन कापण्याच्या पद्धतीला गिरणगावात ‘डबल खाडा’ म्हणत. विणकराच्या हातून कापड खराब झाले तर ते कापडच त्याच्या गळ्यात मारण्याची आणि किंमत पगारातून वळती करून घेण्याची चाल होती. कापड कशाने खराब झाले, सूत निकृष्ट होते की साचा नादुरुस्त होता, हे ठरविणारे खात्यातीलच लोक असत. ज्याला जॉबरने मुद्दाम वाईट साचा दिला त्याची स्थिती काय होत असेल याची कल्पना करता येते. अशा छळात कोणी कोणावर हात उगारलेला नसतो. हजेरीपुस्तक आणि पगारपत्रक यांतूनच तो पार पडतो आणि त्याचा पुरावाही छळ करणाऱ्याच्याच हस्ताक्षरात असतो.

येथे कलकत्त्याच्या ताग गिरण्यांविषयी दीपेश चक्रवर्ती यांनी १९८९ मध्ये मांडलेला एक मुद्दा उपयुक्त ठरतो. तेथे जॉबरच्या जागी सरदार होता. कामगारांच्या स्थितीविषयी गिरण्यांच्या दप्तरात इतकी अल्प व अविश्वसनीय माहिती का, असा प्रश्न विचारून त्यांनी उत्तर दिले की सरदाराच्या हाती माणसे सोपविल्यावर मालकाला ती माहिती ठेवण्याची गरजच उरली नव्हती. मुंबईलाही हे बऱ्याच अंशी लागू पडते. मालकाला जाच ठाऊक नव्हता असे म्हणण्यापेक्षा, तो ठाऊक होऊ नये अशीच रचना होती असे म्हणणे अधिक योग्य होईल.

नायकीण

१९२० च्या दशकात गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. त्या मुख्यतः वाइंडिंग व रीलिंग खात्यांत असत. तेथे पुरुष जॉबरच्या बरोबरीने किंवा त्याच्या हाताखाली नायकीण असे. स्त्रियांवर स्त्रीने देखरेख करावी हा विचार वरकरणी सोयीचा वाटतो. परंतु दस्तुरीच्या बाबतीत नायकीण जॉबरहून वेगळी नव्हती, ही गोष्ट व्हिटली आयोगाच्या लक्षात आली. राधा कुमार यांच्या संशोधनावरूनही असे दिसते की विधवा, परित्यक्ता आणि एकट्या स्त्रियांचे प्रमाण ज्या खात्यांत लक्षणीय होते तेथे नोकरी टिकविण्याची गरज हीच वचक ठेवण्याचे साधन बनली होती.

स्त्रियांच्या लैंगिक छळाविषयी समकालीन अहवाल जवळजवळ मौन पाळतात. जे थोडे उल्लेख येतात ते कामगार स्त्रियांच्या ‘नीतिमत्ते’विषयीच्या शेऱ्यांच्या रूपाने. तक्रार होती ती जॉबरच्या वर्तनाची. कागदावर उतरला तो स्त्रीच्या चारित्र्याचा प्रश्न. आयोगाने सुचविलेला उपाय असा की जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला आहेत तेथे निदान एक सुशिक्षित स्त्री त्यांच्या कल्याणासाठी व देखरेखीसाठी नेमावी. सूचना चांगली होती. ती करताना नायकिणीला सत्ता कोणी दिली हा प्रश्न मात्र विचारला गेला नाही.

धोट्याचा प्रश्न

आतापर्यंत वर्णन केलेल्या जाचात छळणारा व छळला जाणारा यांच्यात पदाचा फरक होता. गिरण्यांतील एका छळाला पदाची गरज नव्हती. साचेखात्यात, म्हणजे विणाई विभागात, मजुरी इतर खात्यांच्या मानाने चांगली मिळे. या खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कामगारांना प्रवेश नव्हता. कांडी संपली की धोट्यात नवी कांडी भरून सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला दलित कामगाराचे ओठ लागले त्याला आम्ही तोंड लावणार नाही, ही सवर्ण विणकरांची भूमिका होती. परिणामी दलित कामगार कमी मजुरीच्या, प्रामुख्याने सूतकताईच्या खात्यांत कोंडले गेले.

१९२८ च्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार सहभागी झाले. हा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. संयुक्त संपसमितीने सतरा मागण्या मांडल्या. साचेखाते दलित कामगारांना खुले करावे ही मागणी पुढाऱ्यांना आपणहून सुचलेली नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सायमन आयोगापुढे दिलेल्या साक्षीत हा वृत्तान्त सांगितला आहे. या अन्यायाविरुद्ध मागणी केली नाही तर दलित कामगारांना संपापासून परावृत्त करीन, असे त्यांनी पुढाऱ्यांना बजावले. तेव्हा कोठे, काहीशा नाखुशीने, ही मागणी समाविष्ट झाली. मालकांनी तिचे काय केले? त्यांनी ती हसण्यावारी नेली. हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे, असे त्यांचे उत्तर होते, आणि त्या उत्तरात तथ्य होते हे आंबेडकरांनीही नाकारले नाही.

या उत्तराकडे अभ्यासकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले गेलेले नाही. तार्किकदृष्ट्या ते बिनतोड होते. दलितांना साचेखात्यात घेऊ नका असा नियम मालकांनी लिहिला नव्हता. तसा नियम त्यांना लिहावाही लागला नाही, कारण माणसे घेणारा जॉबर त्याच खात्यातील, त्याच वस्तीतील, आणि बहुधा त्याच समजुतीचा होता. भरती त्याच्यावर सोपविल्यामुळे जातीचा बहिष्कार गिरणीच्या धोरणाचा भाग झाला आणि तरीही तो कोणाच्या नावावर लागला नाही. मालकाने कामगारांकडे बोट दाखविले, कामगारांनी रूढीकडे, आणि संपाच्या पुढाऱ्यांनी ऐक्याकडे. मालकांच्या हाती फाटक होते, पगार होता, बडतर्फीचा अधिकार होता. मनात आणले असते तर एका खात्यात एक प्रयोग त्यांना करता आला असता. कामगारांना न रुचणारे अनेक बदल त्यांनी याच काळात त्यांच्या विरोधाला न जुमानता लादलेच होते. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत हा त्यांपैकीच एक.

मालकांची भूमिका

मुंबईच्या गिरणीमालकांचा संघ १८७५ मध्ये स्थापन झाला. पहिल्या महायुद्धापर्यंत जॉबरच्या वर्तनाविषयी संघाची अधिकृत भूमिका अशी काही दिसत नाही. कामगारांच्या बाजूनेही हा विषय जाहीरपणे फारसा मांडला जात नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती, कामाचे तास, वेळेवर पगार आणि अपघातग्रस्तांना मजुरी या त्यातील मागण्या होत. जॉबर तेथे नाही. कामगारांना सभेला किंवा संपाला बाहेर काढण्याचे सामर्थ्य त्या काळी ज्यांच्याकडे होते त्यांत जॉबर प्रमुख होता. हे लक्षात घेता हे मौन आश्चर्याचे नाही.

१९१८-१९ नंतर परिस्थिती बदलली. १९१९, १९२०, १९२४, १९२५ आणि १९२८ या वर्षांत मोठे संप झाले. यांत मालकांच्या ध्यानात आले की माणसे आणून देणारा जॉबर माणसे बाहेरही काढू शकतो. याहून महत्त्वाची गोष्ट १९२८ च्या संपानंतर घडली. गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या पन्नास हजारांवर गेली आणि गिरण्यागिरण्यांत तिच्या समित्या उभ्या राहिल्या. खात्यातील तक्रार घेऊन समितीचा माणूस थेट व्यवस्थापकाकडे जाऊ लागला. जॉबरच्या जाचाला कामगारांनीच शोधलेला हा पहिला संघटित उपाय होय. मालकांना तो मुळीच मानवला नाही. त्यांच्या दृष्टीने समित्या म्हणजे शिस्तभंग होता. मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी युनियनच्या प्रमुख पुढाऱ्यांना अटक झाली, त्याच वर्षीचा संप फसला, आणि समित्यांतील कार्यकर्त्यांना अनेक ठिकाणी कामावरून दूर करण्यात आले. जाचाविरुद्ध तक्रार करणे हाच गैरवर्तनाचा प्रकार ठरला.

याच सुमारास फॉसेट समितीपुढे मालकांनी स्थायी आदेशांचा मसुदा ठेवला होता. कामगारांची कर्तव्ये, रजा, दंड, बडतर्फी यांचे नियम त्यात लिहिलेले होते. समितीने त्यांत काही दुरुस्त्या केल्या. युनियनच्या काही पुढाऱ्यांना हे आदेश म्हणजे नवी बेडी वाटली, आणि त्यांचा संशय अनाठायी नव्हता. पण जॉबरच्या तोंडी हुकमापेक्षा लिहिलेला नियम, तो कितीही एकतर्फी असला तरी, वादाला जागा देतो. त्याचा अर्थ लावता येतो, त्याचा भंग दाखविता येतो. जॉबरच्या लहरीचा भंग कोणी कसा दाखवावा?

१९३४ नंतरचे बदल

व्हिटली आयोगाची शिफारस निःसंदिग्ध होती. माणसे घेणे व काढणे यांत जॉबरचा हात असू नये. गिरणी पुरेशी मोठी असेल तर सरव्यवस्थापकाच्या थेट हाताखाली एक कामगार अधिकारी नेमावा आणि नेमणुका व बडतर्फी हे त्याचे प्रमुख काम असावे. १९३१ मध्ये ही शिफारस प्रसिद्ध झाली. पुढील तीन वर्षे मुंबईत तिच्याविषयी विशेष हालचाल झाली नाही. मंदीमुळे फाटकापाशी उभे राहणारे हात वाढले होते आणि मजुरीत कपात चालू होती; अशा वेळी जॉबरची उपयुक्तता मालकांना अधिकच पटली असावी.

१९३४ च्या सार्वत्रिक संपाने ही स्थिती पालटली. त्याच वर्षी मुंबई सरकारने व्यापारी तंटे समेट कायदा केला व त्यानुसार सरकारी कामगार अधिकारी नेमला. त्याने कामगारांची गाऱ्हाणी ऐकून ती मालकांपुढे मांडावी अशी योजना होती. गिरणीमालकांच्या संघानेही स्वतःचा कामगार अधिकारी नेमला. १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नियंत्रणाची योजना अमलात आली. प्रत्येक गिरणीने बदली कामगारांची नोंद ठेवावी, त्यांना कार्डे द्यावीत, आणि रोजची गरज शक्यतो या नोंदलेल्या माणसांतूनच भागवावी, असे तिचे स्वरूप होते. फाटकापाशी जॉबरने बोट दाखवून माणूस निवडण्याऐवजी कार्डाने निवड व्हावी हा हेतू स्पष्ट आहे.

या सुधारणांचे श्रेय मालकांच्या सदसद्विवेकबुद्धीला द्यावे काय? तसे करणे कठीण आहे. जॉबरचा जाच १९३४ मध्ये अचानक वाढला नव्हता. वाढला होता तो मालकांना त्याच्यापासून होणारा उपद्रव. माणसे वारंवार बदलण्यात जॉबरचा फायदा होता, कारण प्रत्येक नव्या माणसागणिक दस्तुरी येई. कार्यक्षमता वाढवू पाहणाऱ्या गिरणीला मात्र सराव झालेली, टिकून राहणारी माणसे हवी होती. शिवाय सरकारी व खासगी कामगार अधिकाऱ्यांच्या रूपाने गाऱ्हाण्यांना जी नवी वाट मिळाली ती युनियनला वळसा घालून जाणारी होती. १९२९ मध्ये गिरणी समितीने तक्रार आणली तेव्हा तो शिस्तभंग झाला. पाच-सहा वर्षांनी तीच तक्रार अधिकाऱ्याकडे गेली तेव्हा ती कामगारकल्याणाची बाब झाली. फरक तक्रारीत नव्हता.

हेतू काहीही असो, परिणाम काही प्रमाणात झाला, हे नाकारता येत नाही. मात्र तो खात्याच्या दारापर्यंत पोहोचेतो बराच क्षीण होत असे. कार्ड कोणाला द्यावे याविषयी शिफारस पुन्हा जॉबरच करी. साचा कोणता द्यावा, रजा मंजूर व्हावी की नाही, कोणाचे काम निकृष्ट ठरवावे, हे त्याच्याकडेच राहिले. भरतीला जॉबरच्या हातून सोडविण्याचे प्रयत्न पुढेही करावे लागले, हे १९५० मध्ये मुंबईत कापड कामगारांसाठी नवी भरती योजना आणावी लागली यावरून उघड होते. आणि बदली हा वर्ग तर राहिलाच. १९८२ च्या संपाच्या वेळीही बदली कामगारांना कायम करण्याचा प्रश्न जिवंत होता.

कायद्याची भाषा

वेतनातून होणाऱ्या छळाला पहिला परिणामकारक आळा १९३६ च्या वेतनप्रदान कायद्याने बसला. तो मार्च १९३७ मध्ये अमलात आला. कोणत्या कृत्यांबद्दल दंड होईल याची मंजूर यादी लावावी, दंडापूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडू द्यावे, दंड एका वेतनकाळात रुपयामागे अर्ध्या आण्याहून, म्हणजे बत्तिसाव्या हिश्शाहून, अधिक नसावा आणि जमलेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करावी, अशा त्यातील तरतुदी होत्या. गैरहजेरीची कपात प्रत्यक्ष गैरहजेरीच्या प्रमाणातच असावी, असे ठरल्याने डबल खाड्याचा आधार गेला. पण याच कलमाला एक परंतुक जोडलेले होते. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, पूर्वसूचनेशिवाय व सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापता येई. एकट्याला मिळालेले संरक्षण दहाजण एकत्र आले की विरळ होत असे.

१९३८ च्या मुंबई औद्योगिक तंटे कायद्याने स्थायी आदेशांना वैधानिक आधार दिला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ती चौकट कापडगिरण्यांसाठी पक्की केली. देशातील इतर कारखान्यांसाठी केंद्राने १९४६ मध्येच औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा केला. त्याच्या नमुना आदेशांतील दोन कलमे एकत्र वाचण्याजोगी आहेत. गैरवर्तनाच्या यादीत ‘लाच घेणे किंवा देणे’ अशी नोंद आहे. घेणारा मुकादम आणि देणारा बदली कामगार यांना एकाच ओळीत, एकाच तोलाचे अपराधी ठरविले आहे. ज्याला दस्तुरी दिल्याशिवाय काम मिळत नव्हते त्याने तक्रार करताना आधी स्वतःच्या गैरवर्तनाची कबुली द्यावी, असा याचा व्यवहारातील अर्थ झाला. दुसरे कलम तक्रारींविषयीचे. मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांच्याकडून होणारी अन्याय्य वागणूक व गैरवाजवी वसुली यांविषयीची तक्रार व्यवस्थापकाकडे करावी आणि त्यावर मालकाकडे अपील करता यावे, अशी त्यात तरतूद आहे. दस्तुरीला तोंड देत आलेल्या तीन पिढ्यांचा अनुभव ‘गैरवाजवी वसुली’ या दोन शब्दांत सामावला आहे, असे म्हणता येईल. मात्र तक्रार ऐकणारा व्यवस्थापक मालकाचा, आणि अपील ऐकणारा मालकच.

महाराष्ट्राने १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यात याच्या पुढचे पाऊल टाकले. गुणवत्तेचा विचार न करता काही कामगारांवर मर्जी दाखविणे, तसेच कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे, या दोन्ही गोष्टी मालकाच्या अनुचित प्रथा म्हणून त्याच्या परिशिष्टात नोंदविल्या गेल्या, आणि त्यांविरुद्ध दाद मागण्याची जागा कारखान्याबाहेर, न्यायालयात, ठेवली गेली. जॉबरची मर्जी ही मालकाची कृती मानण्यास, ताडदेवच्या पहिल्या गिरणीपासून मोजले तर, एकशे पंधरा वर्षे लागली. १९४६ च्या केंद्रीय कायद्यातील अन्याय्य वागणुकीविरुद्ध दाद मागण्याची बाब २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेच्या परिशिष्टातही ठेवण्यात आली आहे. मात्र तीनशेहून कमी कामगार असलेल्या आस्थापनांना त्या संहितेतील स्थायी आदेशांचे प्रकरण लागू होत नाही. १९४६ च्या कायद्यात ही मर्यादा शंभर कामगारांची होती.